पडद्यावर वाटोळे, कागदावर लंबगोल: व्हिडिओतले चित्र छापताना का बिघडते?

जुन्या टेपवरून संगणकात उतरवून घेतलेली एखादी चित्रफीत पाहता पाहता आपण मध्येच थांबवतो, कारण त्या क्षणी कोणाचा तरी चेहरा अगदी मनासारखा आलेला असतो. तो क्षण चित्र म्हणून साठवून प्रिंटरकडे पाठवतो आणि बाहेर आलेला कागद पाहून बुचकळ्यात पडतो. चेहरा ओढल्यासारखा लांबट झालेला असतो, खांदे आक्रसलेले असतात आणि मागच्या भिंतीवरचे वाटोळे घड्याळ अंड्याच्या आकाराचे दिसते. पडद्यावर तर हे सगळे व्यवस्थित होते. सीसीटीव्हीच्या चित्रांबाबत याच्या उलट अनुभव येतो. गुन्ह्याच्या बातमीसोबत छापलेल्या चित्रातला संशयित कधी कधी इतका बुटका आणि रुंद दिसतो, की त्याच्या रोजच्या ओळखीच्या माणसालाही तो ओळखू येऊ नये.

अशा वेळी दोष प्रिंटरच्या माथी मारला जातो. प्रिंटर मात्र बऱ्याचदा निर्दोष असतो. त्याच्या हाती जे आले ते त्याने इमानेइतबारे कागदावर उतरवलेले असते. हाती आले तेच अपुरे होते. व्हिडिओच्या फायलीत चित्राचे ठिपके असतात आणि ते ठिपके कसे मांडायचे याची सूचनाही असते. एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाताना ठिपके पोहोचतात आणि सूचना वाटेत गळते. छापील चित्रातल्या विकृतीचा मोठा भाग एवढ्या एका गोष्टीने उलगडतो, आणि दिलाशाची बाब अशी की गळलेली सूचना पुन्हा जोडता येते.

ठिपका चौरसच असतो का?

डिजिटल चित्र म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या रंगीत ठिपक्यांची जाळी. त्यातल्या एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. चित्राची रुंदी आणि उंची यांचे जे प्रमाण असते त्याला आस्पेक्ट रेशो किंवा नुसते गुणोत्तर म्हणतात. जुन्या दूरचित्रवाणीच्या पडद्याचे गुणोत्तर ४:३ होते आणि आजच्या पडद्यांचे १६:९ असते. या दोन शब्दांवर पुढचे बरेचसे काम भागेल.

संगणकावर वावरणारे आपण सगळेच असे धरून चालतो, की पिक्सेल म्हणजे एक चिमुकला चौरस. संगणकाच्या पडद्यापुरते ते खरेही आहे. व्हिडिओच्या जगात मात्र हे गृहीतक दीर्घकाळ चुकीचे होते आणि काही प्रकारच्या फायलींत आजही चुकीचे आहे.

विणकाम करणाऱ्यांना हा घोळ चांगला परिचयाचा असतो. नक्षी चौकटींच्या कागदावर काढलेली असते आणि कागदावरची प्रत्येक चौकट चौरस असते. लोकरीचा साधा सुलट टाका मात्र उंचीपेक्षा रुंदीला थोडा जास्त भरतो. त्यामुळे कागदावर वीस चौकटी रुंद आणि वीस चौकटी उंच काढलेले वर्तुळ वीस टाके आणि वीस ओळींत जसेच्या तसे विणले, तर ते चपटे होते. मोजणीत एकही चूक झालेली नसते. चूक असते ती कागदावरची चौकट आणि सुईवरचा टाका एकाच आकाराचे आहेत असे मानण्यात. जाणती विणकरीण टाक्याचा आकार आधी तपासते आणि तेवढ्या ओळी वाढवते. व्हिडिओचे चित्र छापताना करायची दुरुस्ती नेमकी याच जातीची आहे.

७२० हा आकडा आला कुठून?

पिक्सेल चौरस नसावा असे कोणी मुद्दाम ठरवले होते का, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर १९८२ सालच्या एका तडजोडीत सापडते. त्या काळी जगात दूरचित्रवाणीच्या दोन मुख्य पद्धती होत्या. एकीत पूर्ण चित्र ६२५ आडव्या ओळींचे असे आणि ही पद्धत युरोप व आशियाच्या बऱ्याच भागात रूढ होती. दुसरीत ५२५ ओळी असत आणि ती उत्तर अमेरिका व जपानमध्ये चालत असे. त्यांतल्या प्रत्यक्ष दिसणाऱ्या ओळी अनुक्रमे ५७६ आणि सुमारे ४८० होत्या. उरलेल्या ओळींचा वेळ चित्रनळीतला किरण खालून पुन्हा वर नेण्यात जात असे.

दूरचित्रवाणीचा संकेत डिजिटल करताना दोन्ही पद्धतींना चालेल अशी यंत्रसामग्री बनवायची होती. म्हणून प्रत्येक ओळीचे नमुने घेण्याचा, म्हणजे ओळीतला संकेत ठरावीक अंतराने मोजण्याचा, वेग दोन्हीकडे सारखाच, सेकंदाला १ कोटी ३५ लाख, असा ठरला. या वेगाने ६२५ ओळींच्या पद्धतीत एका ओळीत ८६४ नमुने बसतात आणि ५२५ ओळींच्या पद्धतीत ८५८. दोन्ही आकडे पूर्णांक येतात, हीच या वेगाची खुबी. त्यांतले ७२० नमुने प्रत्यक्ष चित्राचे, असा नियम दोन्हीकडे लागू झाला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची ही शिफारस ६०१ या क्रमांकाने आजही ओळखली जाते.

अभियंत्यांच्या दृष्टीने ही मोठी सोय होती. तिची किंमत भूमितीने मोजली. एकीकडे ७२० गुणिले ५७६ आणि दुसरीकडे ७२० गुणिले ४८० अशा दोन वेगळ्या जाळ्या तयार झाल्या, पण दोन्ही त्याच ४:३ च्या पडद्यावर पसरायच्या होत्या. ठिपके चौरस धरले तर पहिली जाळी ४:३ पेक्षा अरुंद भरते आणि दुसरी रुंद. म्हणजेच पडद्यावर चित्र योग्य दिसायचे असेल, तर पहिल्या पद्धतीत ठिपका किंचित आडवा आणि दुसऱ्या पद्धतीत किंचित उभा असायला हवा. चित्रनळीच्या पडद्याला याचे काहीच वाटत नसे, कारण तिथे ठिपके नव्हतेच. किरणाची एक सलग रेघ इकडून तिकडे सरकत असे आणि ती पडद्याच्या रुंदीइतकी आपोआप पसरत असे. संगणक आणि प्रिंटर यांना मात्र ठिपक्यांशिवाय दुसरे काही कळत नाही.

ठिपके चौरस मानण्याच्या एकाच चुकीमुळे एका पद्धतीतले लोक छापील चित्रात बारीक दिसतात आणि दुसऱ्या पद्धतीतले जाड, ही त्या तडजोडीची एक गमतीशीर निष्पत्ती म्हणावी लागेल.

पुढे रुंद पडदे आले तेव्हा जुनी जाळी टाकून न देता तिच्यातच १६:९ चे चित्र आडवे दाबून बसवण्यात आले. ही युक्ती चित्रपटांकडून घेतलेली होती. फ्रान्सच्या आँरी क्रेतियाँ यांनी १९२० च्या दशकात असे भिंग तयार केले होते, जे रुंद दृश्य आडवे दाबून साध्या फिल्मवर बसवी. १९५३ पासून सिनेमास्कोपने तीच कल्पना व्यवसायात उतरवली. चित्रीकरणात दाबायचे आणि प्रक्षेपणात तेवढेच उलट ताणायचे. प्रक्षेपकाला उलट भिंग लावायचे कोणी विसरले, तर पडद्यावरचे सगळे नट काठीसारखे दिसतील. रुंद पडद्याच्या डीव्हीडीतली एखादी चौकट, म्हणजे व्हिडिओतले एक स्थिर चित्र, तशीच उचलून छापली की तेच होते.

सूचना वाटेत कशी गळते?

डीव्हीडीवर वापरली जाणारी व्हिडिओ साठवण्याची एमपीईजी-२ पद्धत असो किंवा पुढची एच.२६४, फायलीत ‘हे चित्र अमुक गुणोत्तरात दाखवा’ अशी नोंद ठेवण्याची सोय दोन्हींत आहे. व्हिडिओ दाखवणारे सॉफ्टवेअर ती नोंद वाचते आणि चित्र योग्य तेवढे ताणून पडद्यावर मांडते. हे इतके बिनबोभाट घडते, की असे काही घडते आहे याचा आपल्याला पत्ताही नसतो.

अडचण चौकट वेगळी काढताना येते. अनेक साधने व्हिडिओतून जाळी जशीच्या तशी उचलतात आणि जेपेग फायलीत ठेवतात. आडव्या आणि उभ्या घनतेची नोंद जेपेगमध्येही करता येते, पण छायाचित्रे हाताळणारी बहुतेक साधने चित्राचा आकार ठरवताना तिच्याकडे लक्ष देत नाहीत, कारण छायाचित्रांना तिची गरज कधी पडलीच नाही. एका जगात जी गोष्ट सर्वांना ठाऊक असते ती दुसऱ्या जगात कोणाच्या ध्यानीमनीही नसते, आणि चित्र नेमके या दोन जगांच्या वेशीवर बिघडते.

मोबाइलच्या व्हिडिओची आडवी पडणारी चौकट हे याच रोगाचे दुसरे रूप आहे. फोन उभा धरला तरी आतला संवेदक ठिपके त्याच्या नेहमीच्या क्रमाने नोंदवतो आणि ‘दाखवताना नव्वद अंश फिरवा’ एवढी टीप जोडतो. टीप न वाचणाऱ्या साधनातून छापलेल्या प्रतीत माणूस आडवा झोपलेला दिसतो. इथे चूक निदान लगेच लक्षात येते; आठ-दहा टक्क्यांची ताण लक्षात येत नाही, म्हणून ती जास्त उपद्रवी.

किती ताणायचे, याचा हिशेब

६२५ ओळींच्या पद्धतीत, ४:३ च्या चित्रात, ठिपक्याची रुंदी त्याच्या उंचीच्या १२/११ पट, म्हणजे सुमारे १.०९ पट धरतात. ५२५ ओळींच्या पद्धतीत ती १०/११ पट, म्हणजे सुमारे ०.९१ पट असते. पहिल्या पद्धतीतली चौकट दुरुस्ती न करता छापली तर माणसे खऱ्यापेक्षा जवळपास ८ टक्के अरुंद दिसतात आणि दुसऱ्या पद्धतीतली १० टक्के रुंद. पहिल्याच पद्धतीत १६:९ चे दाबलेले चित्र असेल तर प्रमाण १६/११ होते आणि दुरुस्तीविना छापलेल्या चित्राची रुंदी खऱ्याच्या जेमतेम ६९ टक्के उरते.

चिकित्सक वाचक इथे आकडेमोड करून पाहील आणि अडखळेल. ७२० ला १२/११ ने गुणले तर ७८५ च्या वर आकडा येतो. ५७६ उंचीच्या ४:३ चित्राला तर ७६८ रुंदी पुरते. कारण असे की ७२० ठिपक्यांत दोन्ही कडांना थोडी जास्तीची जागा धरलेली होती आणि ४:३ चे खरे चित्र मधल्या सुमारे ७०४ ठिपक्यांत सामावते. ७०४ गुणिले १२/११ म्हणजे बरोबर ७६८. बरीच साधने हा तपशील विसरून सगळे ७२० ठिपके ७६८ मध्ये बसवतात आणि दोन टक्क्यांहून थोडी अधिक चूक शिल्लक ठेवतात. आठवणीचा फोटो छापताना एवढ्याने काही बिघडत नाही. मोजमाप करायचे असेल तर मात्र बिघडते.

रुंदी वाढवायची की उंची कमी करायची, असाही प्रश्न येतो. दोन्हींनी आकार बरोबर येतो. पण उंची कमी करणे म्हणजे हाती असलेल्या ओळी टाकून देणे, आणि जुन्या व्हिडिओत ओळी आधीच थोड्या असतात. म्हणून कमी पडणारी बाजू वाढवावी. वाढवताना जे नवे ठिपके लागतात त्यांचे रंग संगणक शेजारच्या ठिपक्यांवरून काढतो. या अंदाजाने चित्र किंचित मऊ होते आणि दर खेपेला थोडे आणखी मऊ होते. त्यामुळे आकाराची दुरुस्ती आणि छपाईसाठीचे मोठे करणे ही दोन्ही कामे एकाच फेरीत उरकणे केव्हाही चांगले.

फणीच्या दातांसारख्या कडा

छापील चौकटीत हलणाऱ्या हाताची किंवा धावत्या गाडीची कड कधी कधी फणीच्या दातांसारखी कातरलेली दिसते. ही विकृती वेगळ्या मुळाची आहे. जुन्या दूरचित्रवाणीत पूर्ण चित्र एका दमात पाठवत नसत. आधी विषम क्रमांकाच्या ओळी आणि मग सम क्रमांकाच्या, असे दोन अर्धे हप्ते पाठवले जात. या अर्ध्या हप्त्याला फील्ड म्हणतात. असे केल्याने मर्यादित क्षमतेच्या प्रसारणातही पडदा लुकलुकल्याचे जाणवत नसे. ६२५ ओळींच्या पद्धतीत सेकंदाला अशी ५० फील्ड असतात आणि दोन फील्ड मिळून एक चौकट होते.

त्यातली मेख अशी, की कॅमेऱ्याने हे दोन अर्धे एकाच क्षणी टिपलेले नसतात. त्यांच्यामध्ये १/५० सेकंदाचे अंतर असते. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन तेवढ्या वेळात २० सेंटिमीटर पुढे सरकते. चालत्या व्हिडिओत डोळा हे सांभाळून घेतो. चौकट गोठवून कागदावर उतरवली की दोन वेगवेगळे क्षण एकमेकांत विणलेले दिसतात, आणि वाहनाची कड एका ओळीत इथे तर पुढच्या ओळीत तिथे अशी उमटते.

यावर साधा उपाय म्हणजे एक फील्ड ठेवून दुसरे काढून टाकणे आणि रिकाम्या झालेल्या ओळी वरच्या-खालच्या ओळींवरून भरणे. त्यात उभा तपशील अर्धा होतो. अधिक हुशार सॉफ्टवेअर चित्रातले स्थिर भाग दोन्ही फील्डांतून घेते आणि फक्त हलणाऱ्या भागांपुरते एका फील्डवर भागवते. स्थिर बसलेल्या माणसाच्या चित्रात यामुळे जवळजवळ काहीच गमावले जात नाही.

सर्वांत घातक चूक इथेच होते. दोन फील्ड वेगळी करण्याआधीच कोणी चित्राची उंची बदलली, तर शेजारच्या ओळींची सरमिसळ होऊन दोन क्षण कायमचे कालवले जातात आणि नंतर कोणतेही साधन त्यांना स्वच्छ वेगळे करू शकत नाही. रुंदी बदलल्याने ही हानी होत नाही, कारण ओळी आपल्या जागी राहतात. फील्डांचा निकाल आधी, आकाराची दुरुस्ती त्यानंतर आणि कापाकापी सर्वांत शेवटी, हा क्रम पाळला नाही तर एरवी सुधारता आले असते असे चित्र हातचे जाते.

कागदाच्या बाजूची भानगड

आतापर्यंत प्रिंटरची बाजू घेतली. आता त्याच्याकडेही पाहायला हवे. प्रिंटरच्या माहितीपत्रकात १४४० गुणिले ७२० किंवा १२०० गुणिले ६०० असे आकडे असतात. ते इंचामागे शाईचे किती ठिपके पडू शकतात हे सांगतात, आणि आडव्या व उभ्या दिशेत ते वेगळे असू शकतात. म्हणजे प्रिंटरचा स्वतःचा ठिपकाही चौरस नसतो! सुदैवाने प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर हा फरक आतल्या आत मिटवते, कारण त्याला आपल्या यंत्राची जडणघडण ठाऊक असते. शाईचा ठिपका आणि चित्रातला पिक्सेल यांचा एकास एक संबंधही नसतो. मोजक्या रंगांच्या थेंबांतून हजारो छटा भासवायच्या असल्याने एका पिक्सेलसाठी अनेक थेंब खर्ची पडतात.

फॅक्सच्या यंत्राने हाच पेच फार आधी पाहिला आहे. त्याच्या साध्या दर्जात इंचामागे आडवे २०४ आणि उभे केवळ ९८ ठिपके असतात. फॅक्स फॅक्सशी बोलतो तोवर सारे ठीक चालते. तीच फाईल ठिपके चौरस मानणाऱ्या संगणकात उघडली की पानाची उंची निम्म्याच्या आसपास येते आणि अक्षरे चेपलेली दिसतात.

सोनोग्राफीच्या यंत्राला जोडलेला उष्णतेवर चालणारा छोटा प्रिंटर हे या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण म्हणता येईल. त्याच्या डोक्यात तापणाऱ्या बारीक घटकांची एक स्थिर रांग असते, त्यामुळे रांगेच्या दिशेतले माप कारखान्यातच पक्के झालेले असते. दुसऱ्या दिशेतले माप मात्र कागद किती वेगाने पुढे सरकतो त्यावर अवलंबून राहते. कागद ओढणारा रूळ झिजला किंवा घसरू लागला, तर चित्र एकाच दिशेत आखडते किंवा लांबते. या प्रकारात सूचना हरवलेली नसते. खरोखर यंत्राचा दोष असतो आणि सॉफ्टवेअरने त्यावर पांघरूण घालू नये. सोनोग्राफीच्या चित्राच्या कडेला सेंटिमीटरच्या खुणा असतात. आडव्या आणि उभ्या खुणांमधले अंतर छापील प्रतीवर पट्टीने मोजले, की दोष आहे की नाही हे क्षणात कळते.

उरतो कागदाचा आकार. १६:९ ची चौकट ६ गुणिले ४ इंचांच्या कागदावर मावत नाही, कारण तो कागद ३:२ चा असतो. पूर्ण चित्र हवे असेल तर वर-खाली मिळून ०.६२५ इंच पांढरी जागा सुटते. कागद पूर्ण भरायचा असेल तर चित्राची साधारण १६ टक्के रुंदी कापली जाते. तिसरा पर्याय म्हणजे चित्र ताणून कागदाएवढे करणे, आणि इतक्या कष्टाने आकार दुरुस्त केल्यावर हा पर्याय निवडणे म्हणजे केल्या कामावर बोळा फिरवणे. छपाईच्या खिडकीत ‘पानाएवढे करा’ असे काही दिसले, तर त्यात गुणोत्तर कायम राहते की नाही हे पाहूनच पुढे जावे.

जुन्या टेपच्या चौकटीला कापण्याची थोडी मोकळीक असते. पूर्वीचे दूरचित्रवाणी संच चित्राच्या कडा पडद्याच्या चौकटीमागे लपवत, त्यामुळे त्या कडांवर काळ्या पट्ट्या किंवा खालच्या बाजूला खरखरीत, वाकडी झालेली पट्टी असली तरी कोणाला दिसत नसे. कागदावर ती दिसते. ती खुशाल कापावी.

“आता सगळे एचडी आहे, मग ही कटकट कशाला?”

आक्षेप बराचसा खरा आहे. १९२० गुणिले १०८० च्या जाळीत ठिपके चौरस असतात आणि आजच्या फोनच्या व्हिडिओलाही हा रोग सहसा जडत नाही. तरी दोन मोठे अपवाद आहेत. २००३ साली आलेल्या एचडीव्ही पद्धतीत १४४० गुणिले १०८० ठिपके आडवे ताणून १६:९ केले जातात, आणि त्या पद्धतीच्या टेपा आजही कपाटांत पडून आहेत. दुसरा अपवाद सीसीटीव्हीचा. जागा वाचवण्यासाठी अनेक जुनी यंत्रे चौकटीतले एकच फील्ड नोंदवत, म्हणजे ७०४ गुणिले २८८. ही जाळी चौरस ठिपक्यांनी छापली तर चित्राची रुंदी उंचीच्या जवळपास अडीचपट होते. बातम्यांतल्या त्या बुटक्या, रुंद संशयितांपैकी कित्येकांचे मूळ इथे असते. उंची दुप्पट आणि रुंदी १२/११ पट केली, की ७६८ गुणिले ५७६ चे सरळ चित्र मिळते.

शिवाय ज्या आठवणी लोकांना कागदावर हव्या असतात त्या बहुधा जुन्याच असतात.

“पडद्याचाच स्क्रीनशॉट घेतला तर?”

ही पळवाट मी कमी लेखणार नाही. व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने सूचना पाळून चित्र आधीच ताणलेले असते, त्यामुळे स्क्रीनशॉटमधला आकार बऱ्याचदा बरोबर असतो. पण मूळ जाळीऐवजी पडद्याच्या मापात बदललेले चित्र हाती येते, आणि व्हिडिओची खिडकी लहान असेल तर तपशील गेलेला असतो. घरगुती कामाला चालेल. पुरावा म्हणून द्यायच्या चित्राला चालणार नाही, कारण तिथे मूळ फायलीवर कोणती क्रिया कोणत्या क्रमाने केली हे सांगता आले पाहिजे.

“एआय सगळे नीट करून देईल ना?”

ज्या गोष्टी हिशेबाने नेमक्या दुरुस्त होतात, तिथे अंदाज करणाऱ्या साधनाची गरजच नाही. गुणोत्तराची चूक एका गुणाकाराने सुटते आणि तिचे उत्तर एकच असते. चित्र मोठे आणि रेखीव करण्याचा मोह मात्र समजण्यासारखा आहे. चांगल्या छपाईसाठी इंचामागे ३०० पिक्सेल हे प्रचलित माप धरले, तर ७६८ गुणिले ५७६ चे चित्र जेमतेम अडीच इंच रुंद होते. पूर्ण एचडीची चौकट ६.४ इंचांपर्यंत जाते. निम्म्या घनतेवर समाधान मानले तर जुने चित्रही पाच इंचांपर्यंत नेता येते आणि हातभर अंतरावरून ते वाईट दिसत नाही. एआयने भरलेले पापण्यांचे केस किंवा वाहनाच्या पाटीवरचे आकडे हे मूळ चित्रात नसतात, शिकलेल्या इतर चित्रांवरून कल्पिलेले असतात. घरच्या भिंतीवर लावायच्या प्रतीत ते चालवून घ्यायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. ओळख पटवायच्या चित्रात ते असता कामा नयेत.

हलत्या वस्तूचा धूसरपणा, रुंद कोनाच्या भिंगाने फुगवलेल्या कडा आणि फोनच्या संवेदकाने वरून खाली ओळीओळीने चित्र वाचल्यामुळे तिरके दिसणारे खांब, हे दोष तर चित्र टिपतानाच आलेले असतात. त्यातले काही सौम्य करता येतात. ते वाहतुकीत झालेले नसल्याने गळलेली सूचना शोधून त्यांचा इलाज होत नाही.

रंगाबद्दल थोडेसे

आकार बरोबर आला तरी कधी छापील चित्र पांढुरके, धुरकट दिसते. व्हिडिओत काळा रंग ० ऐवजी १६ या आकड्यावर आणि पांढरा २५५ ऐवजी २३५ वर धरण्याची रीत आहे, तर छायाचित्रांत ० ते २५५ हा पूर्ण पट्टा वापरतात. ही टीप गळली की १६ चा काळा कागदावर करडा उमटतो. म्हणजे पुन्हा तेच: आकडे पोहोचले, त्यांचा अर्थ पोहोचला नाही. बहुतेक चित्र-संपादकांतल्या काळ्या-पांढऱ्या टोकांच्या नियंत्रणाने हे मिनिटभरात सुधारते.

हातात फक्त कागद असेल तर

मूळ फाईल कोणत्या पद्धतीची होती हे ठाऊक नसताना निदान करायचे असेल, तर चित्रात समोरून दिसणारी एखादी वाटोळी वस्तू शोधावी. भिंतीवरचे घड्याळ उत्तम. ती वस्तू कॅमेऱ्याच्या शक्य तितकी समोर आणि चित्राच्या मध्याजवळ असावी, कारण कडेला भिंगाची विकृती मिसळते. छापील प्रतीवर तिची उंची आणि रुंदी पट्टीने मोजून उंचीला रुंदीने भागावे. घड्याळ ४८ मिलिमीटर उंच आणि ४४ मिलिमीटर रुंद भरले, तर भागाकार १.०९ येतो, म्हणजे चौकट ६२५ ओळींच्या पद्धतीतली आहे आणि रुंदी तेवढ्या पटीने वाढवायची आहे. ०.९१ आले तर ५२५ ओळींची पद्धत. १.३३ आले तर एचडीव्हीची शक्यता आणि १.४५ आले तर दाबलेले रुंद पडद्याचे चित्र. ०.५५ च्या आसपास आकडा आला, तर एकच फील्ड नोंदवणाऱ्या सीसीटीव्हीचा संशय घ्यावा. आणि भागाकार यांतल्या कोणत्याच आकड्याजवळ जात नसेल, तर आधी छपाईच्या खिडकीत ताणण्याची खूण चुकून चालू राहिली होती का ते पाहावे. तीही बंद असेल, तेव्हा प्रिंटरचा रूळ तपासायला घ्यावा.